‘एकूण’ म्हणजे बेरीजच असं नाही
वर कुणीतरी लिहिलंय, शाब्दिक उदाहरणात ‘एकूण’ दिसलं की बेरीज, असं पाठ करून घ्या. नका हो! ‘गाडीवर एकूण ४८ वडे होते, १९ संपले, किती राहिले?’ याला पोरं बेधडक ६७ लिहितात. परळच्या शिकवणीत मी आधी आकडेच झाकते. गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, चित्र काढायचं, उत्तर मोठं येईल की लहान ते बोलायचं. मग आकडे उघडायचे. वेळ खातं, पण रडारड थांबते. कधी उलटं करते: सीएसएमटी ते ठाणे ३४ किमी, प्रश्न तुम्ही बनवा. एकीने विचारलं, ‘आणि कुर्ल्याला गाडी २० मिनिटं रखडली तर?’ सोडवलंही तिनेच.