एल कापताना टाईल फुटते: ढवळी, फोंडा येथील आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-२०४: सगळ्यांना नमस्कार. स्वयंपाकघर आणि देवाच्या खोलीत जुन्या मोझॅकवर दोन बाय चार फुटांच्या पॉर्सेलेन टाईल्स घालतोय. काल खांबाजवळचा एल, म्हणजे एल आकाराचा तुकडा, कापताना लागोपाठ दोन फुटल्या. दोन्ही आतल्या कोपऱ्यातूनच, तिरक्या. जादा तीनच उरल्यात आणि दुकानदार म्हणतो त्या शेडचा माल संपला. गणपतीची चवथ तोंडावर आलीय, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची आरास) त्याच खोलीत बांधतो आम्ही. कोणी हे काम केलंय का?

सी-३०१: वहिनी, टाईलमधलं मला कळत नाही, पण काल कापाकापी जिन्याच्या पॅसेजमध्ये चालली होती. दाराच्या फटीतून पांढरी धूळ हॉलभर झाली. बाबांना दमा आहे, रात्री दोनदा पंप द्यावा लागला. तिथे कापू नका, एवढीच विनंती.

ए-२०४: दादा, माफ करा. पाऊस थांबेना म्हणून मेस्त (गवंडी) आत बसला, माझं लक्ष गेलं नाही. पॅसेज आत्ताच ओल्या फडक्याने पुसून घेते. बाबा कसे आहेत?

सी-३०१: आता बरे आहेत.

बी-१०१: वहिनी, उरलेल्या तीन टाईल्सना आज हात लावू नका. गेल्या वर्षी बाथरूम करताना माझ्याही तीन अशाच गेल्या, त्यातून जे शिकलो ते सांगतो.

मी गोदीत ३० वर्षं फिटर होतो. लोखंड चुकलं तर वेल्डिंग करता येतं, इथे तशी सोय नाही. ही लादी १२०० अंशांच्या आसपास भाजलेली असते, पाणी अर्धा टक्कासुद्धा पीत नाही. टणक आहे, पण लवचीक अजिबात नाही. आत ताण असतो आणि काटकोनात खाच पडली की सगळा ताण त्या टोकावर येतो. कापडाला कात्रीचा काप लागला की तिथूनच फाटत जातं, तसंच. म्हणून कोपऱ्यात टोक ठेवायचंच नाही. आधी तिथे ८ मिलिमीटरच्या डायमंड बिटने भोक पाडायचं आणि दोन्ही काप भोकापर्यंत आणून थांबवायचे.

इथे एक खुबी आहे. ब्लेड गोल, त्यामुळे वरून काप भोकाला भिडलेला दिसतो तेव्हा खाली अजून थोडा बाकी असतो. तेवढ्यासाठी मेस्त मशीन पुढे दामटतो आणि काप कोपऱ्याच्या पलीकडे जातो. माझी तिसरी टाईल अशीच फुटली, कापताना नाही, उचलताना. उरलेलं टाईल उलटी करून मागून सोडवा, नाहीतर डायमंडच्या कानशीने हळूहळू काढा.

दुसरं, टाईल ठेवली होती कशावर? दोन विटांवर?

ए-२०४: हो काका, दोन चिऱ्यांवर.

बी-१०१: तिथेच घात झाला. एक टाईल १५ किलोच्या आसपास भरते. दोन टोकांवर ठेवली की मधे स्वतःच्याच वजनाने ताणली जाते, त्यात मशीनची थरथर. सपाट प्लायवूडवर थर्माकोल घाला आणि त्यावर पूर्ण टेकवा. तुटणारा तुकडासुद्धा शेवटपर्यंत टेकलेला हवा, अधांतरी नको.

ब्लेड अखंड कडेचं घ्या. खाचांचं ब्लेड विटा-काँक्रीटला, इथे टवके उडवतं. रेघेवर मास्किंग टेप लावा, चकचकीत बाजू वर ठेवा. सरळ काप आरपार न्यायचा असेल तर शेवटच्या टोकाकडून आधी दोन-तीन इंच कापून घ्या, मग सुरुवातीपासून येऊन त्याला मिळा. नाहीतर शेवटचा कोपरा हमखास उडतो. नुसत्या सरळ कापांना खरं तर मशीनही नको, चार फुटी हातकटर भाड्याने आणा. चाक एकदाच, एका दाबाने ओढायचं. सलग करकर असा आवाज आला पाहिजे. मधे तुटला तर रेघ तिथे बसलेली नसते. पुन्हा त्याच रेघेवर चाक फिरवू नका, काप वाकडा फुटतो.

आणि धुळीचं दादांनी सांगितलं ते फार मनावर घ्या. त्या पिठात सिलिका असते. फुप्फुसात गेली की तिथेच राहते, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार त्यानेच होतो. आपल्याकडे काम चार दिवसांचं, मेस्ताला रोजचं आहे. पाण्याची नळी असलेला मार्बल कटर वापरा म्हणजे धूळ फारशी उडत नाही, चिखल होतो. तोंडाला रुमाल पुरत नाही, त्याला एन-९५ मास्क तुम्ही आणून द्या. साध्या ग्राईंडरवर बाटलीने पाणी ओतू नका, शॉक बसेल. आणि ज्या बोर्डाला ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे तिथूनच वायर घ्या.

सचिव: गच्चीवर पत्र्याखाली कापायला हरकत नाही. वेळ सकाळी १० ते १ आणि ४ ते ६. चिखल गच्चीच्या पाईपात सोडू नका, बसला की दगड होतो. बालदीत साचवून गोणीत भरा.

ए-१०३: काका, आमच्याकडे नहाणीच्या जाळीसाठी गोल भोक पाडायचंय. ड्रिलने होईल?

बी-१०१: होईल, डायमंडचा गोल कटर लावून. हॅमर बंद, वेग कमी, पाण्याचा थेंब चालू. सुरुवातीला ड्रिल किंचित तिरकं धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडा, मग हळूहळू सरळ करा. पहिल्यापासून सरळ धरलं तर कटर टाईलवर घसरतो आणि ओरखडे पडतात.

वहिनी, एक राहिलंच. एल कापायलाच हवा का? सगळ्या टाईल्स एकदा कोरड्या मांडून बघा. सांधा खांबाच्या कोपऱ्यावर आला तर एलच्या जागी दोन सरळ तुकडे लागतील. मी मांडणी दारापासून धरली म्हणून माझे चार एल आले. तुमचा मेस्त कुठून धरतोय?

ए-२०४: दारापासूनच.

बी-१०१: खांबापासून धरून बघा. दाराकडे अरुंद पट्टी येत नाही ना, तेवढं आधी मोजा. आणि मोझॅकला छिन्नीने टाचे मारून खडबडीत केलंय ना? गुळगुळीत मोझॅकवर टाईल चिकटवायचं केमिकल धरत नाही.

ए-२०४: टाचे मारलेत. मेस्ताशी बोलून कळवते.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी)

ए-२०४: काका, मांडणी खांबापासून धरली. तीन एल होते, एकच उरला. तो गच्चीवर कापला, भोक पाडून, थर्माकोलवर. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा आम्ही दोघांनी खालून हात लावला होता. फुटली नाही! कोपऱ्यात भोकाची गोलाई थोडी दिसते, ती सांध्यात भरायच्या ग्राऊटमध्ये जाईल असं मेस्त म्हणतो. दोन टाईल्स जादा उरल्यात.

बी-१०१: त्या दोन्ही जपून ठेवा, उभ्या, भिंतीला टेकून, आणि खोक्यावरचा शेड नंबर लिहून ठेवा. पुढे कधी पाईप गळला तर लागतील.

सी-३०१: वहिनी, आज घरात जरासुद्धा धूळ आली नाही. बाबांनी आठवणीने सांगायला सांगितलंय.

ए-१०३: ८ चं बिट उद्या मला मिळेल का?

ए-२०४: देते, सकाळी घेऊन जा. आतली चकती अडकलीय, ती खिळ्याने ढकलून काढावी लागेल.