अंगरक्षक, सुरक्षारक्षक, बाउन्सर: एकच का?

प्रश्न: बातम्यांत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. नेमका फरक काय?

उत्तर: सुरक्षारक्षक जागा राखतो. मालक आत असो वा नसो, त्याने फाटक सोडायचं नाही. बाउन्सर दारावरचा, नको त्याला आत सोडत नाही आणि धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर काढतो. अंगरक्षक मात्र माणसाला बांधलेला असतो. तो माणूस जाईल तिथे हा. (अंगरखा हा शब्दही ‘अंगरक्षक’वरूनच आला, कारण तोही अंगच राखतो!)

पण हल्लेखोराला लोळवणं हे अंगरक्षकाचं मुख्य काम, असं समजू नका. आधी आपल्या माणसाला झाकायचं, मग तिथून हलवायचं. 30 मार्च 1981 रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे अंगरक्षक जेरी पार यांनी त्यांना ढकलून गाडीत कोंबलं, तर दुसरे अंगरक्षक टिम मॅकार्थी अंग पसरून गोळ्यांच्या दिशेने उभे राहिले आणि त्यांच्या पोटात गोळी लागली. गाडी व्हाइट हाउसकडे निघाली होती. रेगन यांच्या ओठांवर फेसाळ रक्त दिसताच पार यांनी ती रुग्णालयाकडे वळवली. माझ्या मते त्या दिवशीचं खरं अंगरक्षण म्हणजे हा निर्णय. पिळदार दंड आणि काळा गॉगल यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरं उत्तर: पटलं, पण प्रत्येक वेळी हलवायला सवड मिळते थोडीच? 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडा महाराजांवर चालून आला, तेव्हा जिवा महालाने त्याला जागीच आडवा केला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तिथलीच. तिथे मधे पडून वार करणं हेच अंगरक्षण होतं.

आणि इतक्या जवळ हत्यारबंद माणूस ठेवायचा म्हणजे विश्वास हवाच. रोमचा सम्राट कॅलिग्युला इ. स. 41 मध्ये स्वतःच्याच रक्षकदलाच्या अधिकाऱ्यांच्या हातून मेला. 1984 मध्ये इंदिरा गांधींवर त्यांच्याच दोन सुरक्षारक्षकांनी गोळ्या झाडल्या. बातम्यांत त्यांना सर्रास अंगरक्षकही म्हणतात, आणि ते चूक म्हणवत नाही.

प्रश्न: स्त्री असेल तर अंगरक्षिका म्हणायचं का?

उत्तर: व्याकरणाने चालेल. वापरात ‘महिला अंगरक्षक’च जास्त दिसतं. बोलताना तर सगळे ‘बॉडीगार्ड’च म्हणतात, मग ती असो की तो.