बोडी बुजवून लेआउट पडला, आता पाणी कोणाच्या घरात जाणार?

पाळीवरचा
आमचं गाव साकोलीच्या बाजूचं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या खाली पाच एकर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, आणि कडेला एक बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं, होती. तीन वर्षांमागे मुरूम टाकून बोडी बुजवली, बांध्यांवर लेआउट पडला. परवा रात्री अडीच तास पाऊस झाला आणि जुन्या वस्तीत पाणी चुलीपर्यंत आलं. तिथं आधी कधी आलं नव्हतं. सकाळी नव्या रस्त्याखालचे दोन पाइप उकरले. बेशरमाच्या काड्या, गाळ आणि खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या, अशा गच्च की सब्बल घालावी लागली.

आता ग्रामपंचायत म्हणते, सिमेंटची मोठी नाली बांधू. माझं म्हणणं, नाली राहू द्या. आधी बोडी खोदा आणि सलंगाच्या, म्हणजे सांडव्याच्या, वाटेत नवी परवानगी बंद करा.

हिशेब सोपा आहे. 1 मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. 100 मिमी पडला तर पाच एकरांवर 20 लाख लिटर. बांधीचा बांध फूटभर उंच, म्हणजे एवढं पाणी जागेवरच उभं राहायचं. आता तेच पाणी छतावरून आणि सिमेंट रोडवरून अर्ध्या तासात नाल्यात उतरतं.

प्लॉट नं. 17
हिशेब अर्धा सांगितला. ऑगस्टात बांध्या आधीच भरलेल्या असतात. जोराचा पाऊस आला की शेतकरी स्वतः बांध फोडून पाणी खाली सोडतो. मग 20 लाख लिटर कुठं थांबलं?

आणि बोडी खाजगी होती. सातबारा मालकाच्या नावावर, त्याने विकली. आम्ही एनए (बिगरशेती परवानगी) बघून, सोसायटीचं कर्ज काढून प्लॉट घेतले. जुन्या वस्तीत भावाभावांत एकेक खोली वाटणीला आली, आम्ही राहायचं कुठं? पाणी तुंबलं ते पाइप साफ केले नाहीत म्हणून. त्याचं खापर लेआउटवर कशाला?

पाळीवरचा
बांध फोडतात, मान्य. पण एका बांधीतून दुसरीत, तिच्यातून तिसरीत असं उतरताना त्या पाण्याला निम्मा दिवस लागायचा. पाणी गेलंच नाही पाहिजे असं मी म्हणत नाही. सगळं एकदम येऊ नये, एवढंच.

नाल्याखालचा
तुमी दोघं भांडा. सिमेंटची नाली झाली तं तिचं तोंड माह्या वावरात निघते, हे कोनी बोललं का? वरच्या टोलीत मागच्या साली अशीच नाली बांधली. गाव कोरडं झालं अन् खालच्या धानाच्या रोवन्यावर (लावणीवर) रेती येऊन बसली. पंचनाम्यात लिवलं ‘नैसर्गिक’. काहून बापा, नाली काय आभाळातून पडली होती?

निवृत्त ओव्हरसियर
नोकरीत अशा नाल्या मीही बांधल्या, म्हणून बोलतो. नाली पाणी कमी करत नाही, ते लवकर पुढे ढकलते. नाल्याला दोन्ही बाजूंनी भिंती घालून पात्र आवळलं की वेग वाढतो आणि पहिला अरुंद पूल आला की पाणी वस्तीत शिरतं. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या रात्रीतून बुडाल्या. तिथं नाल्या कमी होत्या का?

आणखी एक गोष्ट, तिच्याकडे कोणी बघत नाही. जुन्या रोडवरच नवा रोड ओततात. आमच्या गल्लीत तीन थर झाले, आता घराचा उंबरठा रोडच्या खाली आहे. आधी खरडून मग ओतला तर निम्म्या घरांत पाणी शिरणार नाही. पण खरडाईचं बिल कोणाला आवडत नाही.

प्लॉट नं. 17
2020 ला वैनगंगेने भंडारा बुडवला तेव्हा कुठल्या बोडीने वाचवलं असतं?

निवृत्त ओव्हरसियर
कोणत्याच नाही. तो नदीचा पूर होता, वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याचा. निळी रेषा, लाल रेषा म्हणजे 25 आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या मर्यादा, त्या नदीकाठासाठी. गावातल्या नाल्याला कोणी रेषा मारत नाही. भंडारा-गोंदियाकडे कोहळ्यांनी तलाव बांधले ते एकाखाली एक. वरच्याचा सलंग खालच्याला भरायचा, मधल्या बोड्या उरलंसुरलं झेलायच्या. त्या साखळीतली मधलीच कडी तुम्ही विकत घेतली. दोष तुमचा नाही, परवानगी देणाऱ्याने नकाशा बघायला हवा होता.

बोडी खाजगी असली तरी नाला गावाचा आहे. तलाठ्याकडून निस्तारपत्रक (गावच्या सामायिक जागा आणि त्यांवरचे हक्क यांची नोंद) आणि जुना गाव नकाशा काढा. नाल्याची तेव्हाची रुंदी आणि आजची रुंदी, टेप लावून मोजा. लेआउटची मोकळी जागा कायद्याने सोडावीच लागते. ती उंचावर सोडून तिथं सिमेंटचे गट्टू बसवलेत, तीच सखल कोपऱ्यात घेतली असती तर बोडीचं काम थोडं तरी झालं असतं.

नाल्याखालचा
टेप माह्याकडं हाय, पन्नास मीटरचा. रविवारी या. खर्रा खाऊन पन्नी नाल्यात टाकनारे येऊ नका.

प्लॉट नं. 17
येतो. नकाशात माझा गट नंबर नाल्यात निघाला तर इथं लिहू नका, फोन करा. घरी सगळे हा धागा वाचतात आणि वास्तू अजून व्हायची आहे.