छप्पर गळतंय वरच्याकडे, तिसरा हिस्सा माझा का?

तळमजला_ईलिंग:
लंडनमधल्या व्हिक्टोरियन काळातल्या एका घराचे तीन फ्लॅट केलेत, तळमजला माझा. फ्रीहोल्ड, म्हणजे जमीन आणि इमारतीची मूळ मालकी, आम्हा तिघांच्याच कंपनीकडे. वरच्याच्या बेडरूममध्ये पाणी उतरतंय. दोन उतारांमधल्या पन्हळीचा शिशाचा पत्रा फाटलाय, स्लेटही घसरल्यात. परांचीसकट कोटेशन १८,००० पाऊंड. लीजमध्ये (फ्लॅटच्या दीर्घ मुदतीच्या करारात) 'प्रत्येकी एक तृतीयांश', म्हणजे सहा हजार माझ्या बोडक्यावर! माझ्याकडे एक थेंब येत नाही. शिवाय त्याने माळ्यावर खोली काढली, किंमत वाढली ती त्याच्याच फ्लॅटची. ज्याला फायदा त्याने भरावं, एवढंच म्हणणं आहे.

हॅरोची_माई:
असं कसं हो? आज पाणी त्याच्याकडे, उद्या मधल्याकडे, परवा तुमच्याच सीलिंगवर. बागेखालचं ड्रेन तुंबलं आणि वरच्याने हात झटकले तर चालेल? जोत्याला ओल आली तर?

धोंडूतात्या:
माईंना +१. आमच्या पुण्याच्या सोसायटीत लिफ्टचा खर्च तळमजलाही सारखाच भरतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींतच (सरकारी नमुना नियमांत) आहे तसं, लिफ्ट वापरा नाहीतर वापरू नका.

तळमजला_ईलिंग:
तात्या, सोयीचं तेवढं उचलू नका. त्याच उपविधींत दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चावर आहे, वर्षाला किमान ०.७५ टक्के. म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. त्या हिशोबाने माळा धरला तर वरच्याला माझ्या दीडपट भरावं लागेल. मग हिस्सा सारखा का?

क्रॉयडनकर:
तुम्हाला काय वाटतं त्याला किंमत नाही, लीज काय म्हणतं ते चालतं. नुसता अन्याय होतोय म्हणून ट्रायब्युनल (अशा वादांचं न्यायाधिकरण) हिस्से बदलत नाही. सगळ्यांचे टक्के मिळून शंभर होत नाहीत, अशी काहीतरी गफलत लागते. तिघं राजी असतील तर मात्र डीड (कायदेशीर दस्त) करून बदलता येतं. (माझ्या लीजमध्ये हिस्सा 'रेटेबल व्हॅल्यू'वर, म्हणजे जुन्या घरपट्टीसाठी ठरवलेल्या मूल्यावर आहे. ती घरपट्टी १९९० मध्येच बंद झाली, आम्ही अजून त्या आकड्यांवर भांडतोय.)

मुद्द्याचं विचारतो, इथल्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्यातली कलम २० ची नोटीस आली का, म्हणजे मोठ्या कामाआधी तुमचं मत विचारणारी? एकाच्याही वाट्याला २५० पाऊंडांपेक्षा जास्त येणार असेल तर आधी लेखी नोटीस, मग कोटेशनं, दोन्ही वेळा ३० दिवस द्यावे लागतात. कंपनी तुमची स्वतःची असली तरी सुटका नाही. ते टाळलं आणि ट्रायब्युनलने सूट दिली नाही, तर दरडोई २५० च्या वर वसुली होत नाही.

तळमजला_ईलिंग:
कसली नोटीस! व्हॉट्सॲपवर कोटेशनचा फोटो, खाली "सोमवारपर्यंत पैसे टाका". मग काय, २५० टाकून मी मोकळा!

हॅरोची_माई:
आणि बाकीचे कोण भरणार? कंपनी म्हणजे तुम्हीच तिघं, तिच्याकडे काय झाड आहे पैशांचं? फ्लॅट विकायला काढाल तेव्हा समोरचा सॉलिसिटर हेच विचारणार, मोठी कामं बाकी आहेत का, शेजाऱ्यांशी वाद आहे का. तेव्हा भाव पडेल तो सहा हजारांत भागणार नाही.

मधला_मजला:
मी अशाच घरात मध्ये राहतो. ना छप्पर, ना बाग, बिलं दोन्हींची. तरीही माईंशी पूर्ण सहमत नाही, कारण माळ्याचं कोणी विचारतच नाहीये. माळा त्याच्या लीजमध्ये होता का? अशा घरांत पुष्कळदा तो फ्रीहोल्डरचाच राहतो. खोली काढायला कंपनीची लेखी परवानगी घेतली होती का? हिस्सा बदलून घ्यायची वेळ तीच होती. आणि त्या खोलीचं डॉर्मर (उतरत्या छपरातून बाहेर काढलेली खिडकी) बसवताना पन्हळ कापली गेली असेल, तर हा खर्च तिघांवर टाकण्याआधी त्याच्याकडे आणि त्याच्या बिल्डरकडे मागता येईल का ते बघा. पैसे द्यायच्या आधी तटस्थ सर्व्हेअर वर चढवा.

तळमजला_ईलिंग:
डॉर्मर आणि गळती एकाच बाजूला आहे खरी. कागद शोधतो.

धोंडूतात्या:
शोधा. पण तोवर ताडपत्री तरी टाका, नोव्हेंबर आलाय.

तळमजला_ईलिंग:
ताडपत्रीचा तिसरा हिस्सा देतो, त्यात वाद नाही.