शमीच्या पानांचा डीएनए चिकट येतोय

प्रश्न, ऐरोली: जैसलमेरहून शमीची पानं सिलिका जेलमध्ये वाळवून आणली. सीटॅबने (पेशी फोडून डीएनए सोडवणारं साबणासारखं रसायन) काढलेला डीएनए तपकिरी, चिकट. २६०/२३० गुणोत्तर (शुद्धतेचं माप, कमी म्हणजे अशुद्ध) ०.८. लाँग रीडला (डीएनएचे लांब तुकडे सलग वाचायला) चालेल का?

खारघर: नाही, ताई. चिकटपणा पॉलिसॅकराइडांचा (साखरेच्या लांब साखळ्या), तपकिरी रंग पॉलिफेनॉलांचा (टॅनिनसारखी द्रव्यं). नॅनोपोर या लाँग रीड यंत्राची सूक्ष्म छिद्रं तुंबतील. कोवळी पानं घ्या, आधी सॉर्बिटॉल बफरने धुवा. बराचसा चिकटा तिथेच जातो. सीटॅब बफरमध्ये २ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारं पॉलिमर), मीठ १.४ ऐवजी २.५ मोलर. मर्कॅप्टोइथेनॉल (तपकिरीपणा रोखणारं, पण विषारी) ऐनवेळी, फ्यूम हूडमध्येच घाला.

ठाणे: वाळल्या पानांत डीएनए बहुधा तुटलेला असतो, तो शॉर्ट रीडला (छोटे तुकडे वाचायला) वापरा. लांब तुकडे हवेत तर पानं तोडल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) अजिबात नको, तुकडे तुटतात! मोजणी क्युबिटवर (फक्त डीएनए मोजणारं यंत्र) करा, नॅनोड्रॉप हे दुसरं यंत्र आरएनएही धरतं.

ऐरोली: सोबत वाळवंटी भुंगेरेही आहेत.

खारघर: त्यांचं आतडं काढून टाका, नाहीतर जीवाणूंचा जीनोम मिसळतो.