हट बेला राहून राहिलो, किनाऱ्यावरचे शंख उचलले तर चालते का?

इतवारीची_सून
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सध्या लिटल अंदमानात, हट बेला आहो. समुद्र म्हणजे आमच्या नागपूरचा फुटाळा तलाव, फक्त पलीकडचा काठ नसलेला, एवढीच आमची आजवरची समज. इथे डिसेंबरात पाच वाजताच सूर्य बुडतो. देशाचं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या रेखावृत्ताच्या हिशेबाचं आणि आम्ही त्याच्या बरेच पूर्वेला, मग काय होणार! पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम, पण सवय जात नाही) जहाज आलं तर भाजी, नाही तर बटाटे.

अशा ठिकाणी मोहही बारके बारके होतात बाप्पा. संत्रा बर्फीचा शेवटचा डबा मी कणकेच्या पिंपात पुरून ठेवला आहे. फळीवर ठेवला की नवरा "नुसता वास घेतो" म्हणते आणि एक कोपरा गायब.

खरा प्रश्न शंखांचा. इथल्या बटलर बे किनाऱ्यावर ओहोटी लागली की पायाखाली नुसता सडा. काल एक उचलला, वरून मळकट, शेवाळलेला, पण तोंडाशी अंगठा फिरवला तर आत मोत्यासारखी झाक. जीव नव्हता त्यात. पोवळ्याचे पांढरे तुकडे तर तळव्याला टोचतात इतके. नणंद म्हणते पिशवीभर आण, शोकेसमध्ये ठेवू. मेलेलंच आहे, तर कोणाचं काय जाते?

आणखी एक. नवऱ्याच्या हाफिसातले दोघं-तिघं म्हणून राहिले की ओंग्यांच्या (इथले मूळ आदिवासी) वस्तीकडे एक चक्कर मारू, लांबूनच फोटो काढू. येताना खाडीत डुबकी. जाऊ द्यावं का?

बर्डीचा_बावा
वहिनी, विमानतळावर बॅग मशीनमधून जाते तेव्हा पोवळं लगेच दिसते. माझ्यासमोर एका कुटुंबाची अख्खी बॅग उलटी केली होती, पोट्टी रडत होती बिचारी. नणंदेला शंख पाहिजेच असेल तर सरकारी सागरिका एम्पोरियममधून घ्या अन् बिल पर्समध्येच ठेवा, सामानात टाकू नका.

पेंचचा_म्हातारा
ताई, वनखात्यात उभी नोकरी काढली म्हणून सांगतो. वन्यजीव कायदा १९७२ चा, आणि २००१ पासून पोवळी त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे आपल्या पेंचच्या वाघाच्या रांगेत. वाघाचं मेलेलं कातडं घरी ठेवता येत नाही, तसंच हे. शंखांच्याही काही जाती यादीत आहेत, आणि कोणती आहे नि कोणती नाही हे किनाऱ्यावर उभं राहून तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही.

आता "कोणाचं काय जाते" ते. हर्मिट क्रॅब म्हणजे शंखात राहणारा खेकडा, त्याचं पोट मऊ असते, त्याला स्वतःचं कवच नाही. रिकामा शंख शोधायचा, अंग वाढलं की मोठा शोधायचा, हाच त्याचा संसार. शंख मिळाला नाही की बाटलीच्या झाकणात घुसतो. संध्याकाळी टॉर्च घेऊन वाळूत बसा, चालणारे शंख दिसतील. पोवळ्याचे तुकडे झिजूनच तिथली वाळू होते, आणि त्यातली बरीच पोवळं कुरतडणाऱ्या पॅरटफिश माशाच्या पोटातून बाहेर पडलेली असते.

ओंग्यांकडे मात्र अजिबात जाऊ देऊ नका. शंभर-सव्वाशे माणसं उरली आहेत ती. आदिवासींच्या संरक्षणाच्या १९५६ च्या नियमानुसार त्यांच्या राखीव क्षेत्रात परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे, फोटोही नाही. आपला साधा सर्दी-खोकला त्यांना जड जाऊ शकते. लांबून फोटो म्हणणारे सगळे शेवटी जवळच जातात, जंगलात आयुष्यभर तेच पाहिलं.

बर्डीचा_बावा
आणि खाडी? काका, ते राहिलंच!

पेंचचा_म्हातारा
खाऱ्या पाण्यातली मगर. खाडीच्या तोंडाशी, कांदळवनात असते, समुद्रातही पोहत येते. पाणी गढूळ असलं की हातभरावरची दिसत नाही. पोहायचंच तर गावकरी जिथे उतरतात तिथेच, दिवसाउजेडी. अंधार पाचलाच पडते हे तुम्हीच लिहिलं आहे.

इतवारीची_सून
काका, खाडीचं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, चक्कर रद्द. नणंदेला काय सांगायचं ते बघते, ती वाघाचं ऐकून गप होईल असं वाटत नाही. पुढच्या जहाजाने कोणी ओळखीचं येत असेल तर सावजी मसाला पाठवा हो. बर्फी नको, पिंपात जागा नाही.