मदत हवी आहे: प्रोजेस्टेरॉन अस्तराला आवरतं, मग फायब्रॉइडला का पोसतं?

मंडळी, सेमिनारसाठी फायब्रॉइडमधल्या (गर्भाशयाच्या स्नायूत होणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींमधल्या) सिग्नलिंगवर, म्हणजे पेशींच्या निरोपानिरोपीवर वाचतेय आणि एका जागी गाडी अडलीय. जाणकारांनी कृपया उजेड पाडावा.

गर्भाशयाच्या अस्तरात इस्ट्रोजेन पेशी वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं, इथवर ठीक. फायब्रॉइडमध्ये मात्र उलटाच कारभार! मिफेप्रिस्टोन किंवा युलिप्रिस्टाल देऊन प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर (संप्रेरक ओळखणारं पेशीतलं प्रथिन) अडवला की गाठ आकसते. (युलिप्रिस्टालने यकृताला झालेली इजा, २०२० नंतरचे युरोपातले निर्बंध हे सगळं माहीत आहे, त्यात शिरत नाही.) संप्रेरक तेच, रिसेप्टरही तोच, आणि अस्तर नि स्नायू तर एकमेकांना चिकटलेले.

आधी एमईडी१२ या जनुकावर संशय घेतला. सुमारे ७० टक्के फायब्रॉइडमध्ये त्यात उत्परिवर्तन (कायमचा बदल) असतं, हे २०११ पासून माहीत आहे. पण उरलेल्या गाठीही संप्रेरकांवरच वाढतात, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. गाठीतल्या मूळपेशींमध्ये (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या, स्टेम सेल) हे रिसेप्टर अगदी कमी. मग संप्रेरकाचा निरोप त्यांना मिळतो कसा? आकृतीत बाण कुठून कुठे काढू?

प्रतिसाद १:
प्रौढ पेशीकडून मूळपेशीकडे काढा. रिसेप्टर प्रौढ पेशींत भरपूर असतात. संप्रेरक मिळालं की त्या डब्ल्यूएनटी आणि रँकएल ही निरोप नेणारी प्रथिनं बाहेर सोडतात. डब्ल्यूएनटीमुळे शेजारच्या मूळपेशीत बीटा-कॅटेनिन हे प्रथिन केंद्रकात शिरतं, रँकएलमुळे विभाजनाला चालना देणारं सायक्लिन डी१ वाढतं, आणि पेशी विभागायला लागते.

अस्तरातही मध्यस्थ आहेच, फक्त त्याचा निरोप वेगळा. तिथे स्ट्रोमातला (आधार देणाऱ्या आतल्या थरातला) रिसेप्टर एचएएनडी२ हे जनुक चालू करतो, ते एफजीएफ ही वाढीची प्रथिनं दाबतं आणि वरच्या एपिथेलियममधला (पृष्ठभागावरच्या पेशींमधला) ईआरके हा वाढीचा निरोपमार्ग थंडावतो. हे मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलंय, स्लाइडवर तसं लिहा. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

धागाकर्ती:
वा, आता आकृती जमेल! मग एंडोमेट्रिओसिसमध्ये (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात तो आजार) काही जणींना प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) लागू पडत नाही, तिथे हा मध्यस्थच बिघडलेला असतो का?

प्रतिसाद २:
बऱ्याच अंशी हो. त्या आजारातल्या स्ट्रोमात पीआर-बी (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचा एक प्रकार) घटलेला आणि ईआर-बीटा (इस्ट्रोजेन रिसेप्टरचा एक प्रकार) वाढलेला असतो. एरवी स्ट्रोमाच्या सांगण्यावरून एपिथेलियम एचएसडी१७बी२ हे एन्झाइम बनवतं आणि एस्ट्राडायोल या जोरकस इस्ट्रोजेनचं कमी जोरकस एस्ट्रोन करतं. इथे तो निरोपच जात नाही. शिवाय अॅरोमाटेज या एन्झाइममुळे तिथल्या तिथे नवं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. तेवढ्यासाठी वेगळी स्लाइड करा, एकाच आकृतीत कोंबू नका.